नाव नसलेलं पदक: पहिल्या महायुद्धातल्या जर्मन मेडल बारचा माग कसा काढावा

सातारा-रत्नागिरीकडच्या ज्या घरांतून पहिल्या महायुद्धाला माणूस गेला, तिथे जुन्या ट्रंकेत कधीकधी ब्रिटिश वॉर मेडल निघतं. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, त्यामुळे निम्मं संशोधन पदकानेच करून ठेवलेलं असतं. त्या सवयीने जर्मन पदक हातात घेतलं की पहिला धक्का बसतो, कारण कडेवर काहीच नसतं. १९१४ चा दुसऱ्या वर्गाचा आयर्न क्रॉस, म्हणजे लोखंडी गाभ्याचं जर्मन युद्धपदक, पन्नास लाखांच्या आसपास दिला गेला आणि सरकारने त्यातल्या एकावरही नाव कोरलं नाही. पहिल्या वर्गाच्या काही क्रॉसच्या पाठीवर नाव-तारीख आढळते, पण ती मालकाने स्वखर्चाने कोरून घेतलेली असते. ती खोटी कोरून किंमत वाढवणं सगळ्यांत सोपं.

म्हणून मी सुटं पदक क्वचितच घेतो. कागदासह आलेलं पदक किंवा न उसवलेला मेडल बार, म्हणजे एका पट्टीवर शेजारी शेजारी शिवलेल्या पदकांचा संच, घ्यावा, मग तो दिसायला कितीही मळका असो. चकचकीत सुटा क्रॉस कितीही मिळतो. ज्याचा माणूस सापडू शकेल असा संच कमी मिळतो.

कामाची रीत सांगायला एक नेहमीचा बार घेऊ. त्यात डावीकडून १९१४ चा दुसऱ्या वर्गाचा आयर्न क्रॉस, मग हॅम्बुर्गचा हान्सियाटिक क्रॉस आणि शेवटी तलवारींसह एरेनक्रॉइत्स, म्हणजे महायुद्धातल्या सहभागाचा मानाचा क्रॉस. असे तीन पदकांचे बार लिलावात नेहमी येतात.

बार आधी उलटा करून पाठ पाहावी. पत्र्याची पट्टी, तिच्यावर कापड किंवा फेल्ट, एक आडवी पिन, आणि नशीब असेल तर शिवणाऱ्या दुकानाचं छापील लेबल. लेबलावरच्या गावाचं नाव पहिल्यांदा टिपून घ्यावं. मग टाके बघावेत. फीत वर दुमडून हाताने टाचलेली असते, आणि पदकं लोंबकळू नयेत म्हणून बऱ्याचदा पदकही खालून दोऱ्याने फितीला पकडलेलं असतं. दोरा सुती किंवा रेशमी हवा. टाक्यांच्या शेजारी रिकामी भोकं दिसली तर तिथलं काहीतरी काढून दुसरं लावलंय असं धरून चालावं.

यातली सगळ्यांत बोलकी खूण फितीवर असते. पदक प्लास्टिकच्या चिमट्याने हलकेच उचलून खालची फीत पाहायची. नव्वद वर्षं एकाच जागी टेकलेल्या क्रॉसची सावली कापडावर उमटलेली असते. झाकलेल्या भागात मूळ रंग टिकतो आणि उघडा भाग फिकटतो. लोखंडी गाभ्याचा गंज चारही बाहूंच्या टोकांना तपकिरी ठिपक्यांच्या रूपाने उतरतो. त्या सावलीचा आकार वरच्या पदकाशी तंतोतंत जुळला, तर बार हललेला नाही. सावली गोल आणि वर क्रॉस, असं असेल तर तिथे पूर्वी गोल पदक होतं. विक्रेत्याकडे फोटो मागताना हा एक फोटो नक्की मागावा. पुढून काढलेले दहा सुंदर फोटो त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

आता बारचं वय. एरेनक्रॉइत्स १३ जुलै १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने सुरू केला. आघाडीवर लढलेल्यांना तलवारी आणि लॉरेलच्या पानांचा, इतर सैनिकांना तलवारींशिवाय ओकच्या पानांचा, आणि मृतांच्या विधवांना व आईवडिलांना काळ्या लाखेचा. तो आपोआप मिळत नसे, अर्ज करावा लागे. म्हणजे हा बार १९३४ नंतर शिवलेला आहे. बाकीची दोन पदकं १९१४-१८ ची असली तरी शिंप्याने नव्या फिती लावून सगळं पुन्हा बांधलं असणार. त्यामुळे जुन्या क्रॉसवर तुलनेने ताजी फीत दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नये. नवखे लोक इथेच चांगले बार सोडून देतात.

फीत तपासायला ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च पुरतो. कपड्यांना आणि कागदाला पांढरेपणा देणारी रसायनं युद्धानंतर सर्रास वापरात आली आणि ती या प्रकाशात निळसर-पांढरी चमकतात. चमकली म्हणजे खोटीच असं मात्र नाही, कुणीतरी हल्लीच्या साबणाने धुतलेली जुनी फीतही चमकते. पण फीत, दोरा आणि पाठीचं कापड तिन्ही एकसारखी चमकत असतील तर बार नव्याने जुळवलेला आहे. फितीचे रंगही वाचावेत. लढणाऱ्याच्या आयर्न क्रॉसची फीत काळी आणि कडेला पांढरे पट्टे, न लढणाऱ्याची उलट, पांढरी आणि काळे पट्टे. पांढऱ्या फितीच्या क्रॉसशेजारी तलवारींचा एरेनक्रॉइत्स असेल तर दोन्हींचा हिशेब जुळत नाही, विचारपूस करावी.

मग आयर्न क्रॉसकडे वळावं. हा तीन भागांचा असतो. मध्ये ओतीव लोखंडाचा काळा गाभा आणि दोन्ही बाजूंनी चांदीच्या चौकटीचे दोन अर्धे, कडेला झाळलेले. पुढून मुकुट, डब्ल्यू हे अक्षर आणि १९१४. मागून ओकची पानं, एफडब्ल्यू ही अक्षरं आणि १८१३, कारण प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रीडरिष विल्हेल्म तिसरा याने हा सन्मान मार्च १८१३ मध्ये ब्रेसलाऊला सुरू केला. १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये तो पुन्हा चालू झाला. रुंदी ४२ मिलिमीटरच्या आसपास असते. डिजिटल व्हर्नियरने दोन्ही दिशांनी मोजावी आणि ०.१ ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर वजन करावं. बारमधल्या पदकाचं वजन अर्थातच करता येत नाही, त्यासाठी बार उसवू नये.

खोटा क्रॉस बहुतेक वेळा खऱ्यावरून साचा घेऊन ओतलेला असतो. ओतलेला धातू थंड होताना एक-दोन टक्के आक्रसतो, म्हणून नक्कल साधारण अर्धा मिलिमीटर लहान भरते. दहापट भिंगाखाली कडा पाहिली की खऱ्यात दोन अर्ध्यांची जोडरेषा सापडते, कानशीचे बारीक ओरखडेही दिसतात. एकसंध नकलेत ती रेषा नसते किंवा नुसती खरवडून दाखवलेली असते. चौकटीच्या आतल्या काठावरच्या बारीक खाचा खऱ्यात कोपऱ्यापर्यंत तीक्ष्ण जातात. नकलेत त्या कोपऱ्यात विरघळल्यासारख्या होतात आणि हवेचे सूक्ष्म खड्डे राहतात. गाभ्याचा काळा रंग मुकुटाच्या टोकांवर आणि आकड्यांवर झिजून लोखंड दिसायला लागलं असेल तर चांगलंच. सगळीकडे सारखाच काळा, आणि रंग चौकटीवर जरासा ओघळलेला, म्हणजे पुन्हा रंगवलेला. तो खोटा नसतो, पण किंमत उतरते.

चुंबक दोऱ्याला बांधून लोंबता धरावा. आयर्न क्रॉस ओढला जातो, कांस्य मुलामा दिलेला लोखंडी एरेनक्रॉइत्सही ओढला जातो, हॅम्बुर्गचा क्रॉस सहसा जात नाही. आयर्न क्रॉस न ओढणारेही खरे सापडतात, काहींचे गाभे लोखंडाऐवजी दुसऱ्या धातूचे होते. त्यामुळे चुंबक हा शेवटचा निकाल नव्हे.

क्रॉसच्या वरच्या कडीवर भिंग फिरवलं की कधी बारीक ठसा मिळतो. के.ओ. हा बर्लिनच्या शाही टांकसाळीशी जोडला जातो, एस-डब्ल्यू हा झ्यू उंड वाग्नर या दुकानाचा. ठसा नसलेले खरे क्रॉसही भरपूर आहेत. ठसा उत्पादक सांगतो, माणूस सांगत नाही. त्यापायी दुप्पट पैसे मोजण्याचं मला तरी कारण दिसत नाही.

हान्सियाटिक क्रॉस हाच या बारमधला खरा धागा. १९१५ मध्ये हॅम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्यूबेक या तीन स्वतंत्र शहरांनी एकाच घडणीचा लाल मिन्याचा क्रॉस काढला. मध्यभागी हॅम्बुर्गचा तीन बुरुजांचा किल्ला, ब्रेमेनची किल्ली किंवा ल्यूबेकचा दुतोंडी गरुड. आयर्न क्रॉस मिळालेला माणूस साम्राज्याच्या कुठल्याही कोपऱ्यातला असू शकतो, पण किल्ल्याचा क्रॉस दिसला की शोध एका शहरापर्यंत आकुंचन पावतो. मिना भिंगाखाली नीट बघा. काचेचा मिना उडाला तर धारदार चकचकीत कपची निघाल्याची खूण राहते आणि आत अगदी बारीक बुडबुडे दिसतात. नकलेतला इपॉक्सी रंग उडत नाही, दबतो. सुई टोचून खात्री करायच्या फंदात पडू नये, खरा निघाला तर नुकसान आपलंच.

जर्मन साम्राज्यातल्या वेगवेगळ्या राज्यांची पदकं ही अशी पत्त्यासारखी वाचावीत. बव्हेरियाचा लष्करी गुणवत्ता क्रॉस, सॅक्सनीचं फ्रीडरिष ऑगस्ट पदक, वुर्टेम्बर्गचं लष्करी गुणवत्ता पदक, हेसचं शौर्यपदक, प्रत्येकाबरोबर शोधायचं दफ्तर बदलतं. आणि हा फरक फार मोठा आहे, कारण १४ एप्रिल १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी पॉट्सडॅमवर बॉम्बफेक केली आणि तिथलं लष्करी दफ्तर जळालं. प्रशियाच्या सैन्यातल्या शिपायांच्या बहुसंख्य नोंदी त्यात गेल्या. बव्हेरियाचं दफ्तर म्युनिकच्या युद्ध अभिलेखागारात, वुर्टेम्बर्गचं स्टुटगार्टला, बाडेनचं कार्ल्सरुहेला, सॅक्सनीचं ड्रेस्डेनला होतं, त्यामुळे तिथलं पुष्कळ शिल्लक आहे. बव्हेरियाच्या पलटणींच्या हजेरीवह्या तर स्कॅन होऊन ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर आल्या आहेत. त्यात जन्मतारीख, धर्म, व्यवसाय, आईवडिलांची नावं, लढाया, जखमा, पदकं सगळं असतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला संच बव्हेरियाचा घ्यावा, उत्तर मिळायची शक्यता तिथे जास्त.

आपला हॅम्बुर्गचा माणूस मात्र जळालेल्या बाजूचा, कारण हॅम्बुर्गची पलटण प्रशियाच्या सैन्यात होती. तेव्हा कागद हवेत. बारबरोबर बहुधा दोनपैकी एक कागद येतो: एरेनक्रॉइत्सचं प्रमाणपत्र किंवा मिलिटेरपास, म्हणजे शिपायाचं सेवापुस्तक.

प्रमाणपत्र साधं छापील असतं. वर फ्युररच्या नावाने, मग माणसाचा व्यवसाय, नाव, गाव, १३ जुलै १९३४ च्या आदेशाचा उल्लेख, खाली ठिकाण, तारीख, नोंद क्रमांक आणि स्थानिक अधिकाऱ्याची सही-शिक्का. संशोधकाला सोनं आहे ते व्यवसाय आणि गाव यांत. हॅम्बुर्गच्या जुन्या पत्तापुस्तिका तिथल्या विद्यापीठ ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवल्या आहेत. १९३५ ची पुस्तिका उघडून आडनावाखाली तोच व्यवसाय शोधला की रस्ता आणि घरक्रमांक मिळतो. एकाच आडनावाचे चार सुतार निघाले तर मागे-पुढे पाच-पाच वर्षांच्या पुस्तिका लावाव्यात, लोक स्थलांतर करतात आणि यादी गळत जाते.

मिलिटेरपास वाचणं जास्त कष्टाचं. छापील भाग फ्राक्टुर या जुन्या जर्मन टायपात, तो आठवड्यात डोळ्यांत बसतो. हस्ताक्षर कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीतलं. मोडी वाचलेल्याला हा त्रास ओळखीचा आहे: अक्षर सुटं ओळखता येतं, पण कारकुनाच्या घाईत शेजाऱ्याला चिकटलं की दगा देतं. ई अगदी एनसारखा दिसतो. यू आणि एन यांतला फरक फक्त यूच्या डोक्यावरच्या वळणाचा. एस दोन प्रकारचा, त्यातला लांब एस एचशी गोंधळतो. आधी माहीत असलेले शब्द शोधावेत. महिन्यांची नावं, गावं, आयर्न क्रॉस हे शब्द पानापानावर येतात, त्यावरून त्या कारकुनाची अक्षरं जमवून एक तक्ता करावा आणि मग अनोळखी शब्दाला हात घालावा.

संक्षेप ठरलेले आहेत. आय.आर. म्हणजे पायदळ रेजिमेंट, आर.आय.आर. राखीव पायदळ, एल.आय.आर. लांडवेअर (मोठ्या वयाच्या राखीव शिपायांचं) पायदळ, एफ.ए.आर. मैदानी तोफखाना, एम.जी.के. मशीनगन कंपनी. त्यानंतर एर्झ. बी. असं दिसलं की माणूस भरती-तुकडीत परत गेला, बहुधा जखम किंवा आजारानंतर. त्याच्या आधीच्या ओळीत लात्स., म्हणजे लष्करी रुग्णालय, आहे का ते पाहावं.

खऱ्या-खोट्याची खरी परीक्षा तारखांत होते. हॅम्बुर्गची ७६ वी रेजिमेंट युद्धाच्या सुरुवातीला १७ व्या डिव्हिजनमध्ये होती आणि १९१५ मध्ये १११ व्या डिव्हिजनमध्ये गेली. पासातली लढायांची यादी या बदलाशी जुळली पाहिजे. पहिल्या वर्गाचा आयर्न क्रॉस दुसऱ्या वर्गाआधी मिळू शकत नाही. जखमी सैनिकांचा बिल्ला ३ मार्च १९१८ रोजी सुरू झाला: एक-दोन जखमांना काळा, तीन-चारला रुपेरी, पाच किंवा जास्तीला सोनेरी. माणूस १९१४ मध्ये जखमी झाला असेल तरी त्याच्या बिल्ल्याचा कागद १९१८ च्या मार्चआधीचा असूच शकत नाही. १९१६ ची तारीख असलेलं 'जखमी बिल्ल्याचं प्रमाणपत्र' दिसलं की पुढे बोलूच नये. उलट आयर्न क्रॉसचं प्रमाणपत्र युद्ध संपल्यावर, १९१९-२० मध्ये दिलेलं आढळतं, त्यात वावगं काही नाही.

शाई आणि अक्षरही तपासावं. त्या काळच्या नोंदी टाकाच्या शाईने किंवा जांभळट कॉपिंग पेन्सिलने असतात. ओल लागली की पेन्सिलची रेघ जांभळी फुटते. बॉलपेनचा दाब असेल तर विषय संपला. आणखी एक बारीक गोष्ट आहे. शाळेतल्या पुस्तकासारखं गोल, सरळ झ्युटरलिन अक्षर १९१६ च्या पासात दिसलं तर थांबावं. ते प्रशियाच्या शाळांत १९१५ मध्ये शिकवायला सुरुवात झाली. त्या सालच्या कंपनी कारकुनाचं शिक्षण त्याआधीच संपलेलं होतं.

पलटण कळली की नुकसानयाद्या. मृत, जखमी, बेपत्ता, कैदी अशा सैनिकांच्या या सरकारी याद्या १९१४ ते १९१९ मध्ये छापल्या गेल्या, सुमारे ३१ हजार पानं. जर्मनीतल्या हौशी वंशावळकारांच्या कॉम्पजेन या संस्थेने त्यांची ८० लाखांहून जास्त नावं शोधण्याजोगी केली आहेत आणि शोध फुकट आहे. पण पद्धत असावी लागते. सुरुवातीच्या याद्या पलटणवार आहेत. १९१६ च्या अखेरीनंतर पलटणीचं नाव छापणं बंद झालं आणि नुसती वर्णक्रमाने नावं, गाव, पुढे जन्माचा दिवस-महिना अशी रीत आली. त्यामुळे १९१७-१८ च्या नोंदीत पासातली जन्मतारीख हाच दुवा. छपाईची तारीख घटनेनंतर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येते, ती जखमेची तारीख समजू नये. आडनाव सगळ्या शक्य स्पेलिंगांनी शोधावं: सीचा के, ईआयचा ईवाय, मायरचे तर पाच-सहा प्रकार. तरी सापडलं नाही तर गावाच्या नावाने यादी काढून डोळ्यांखालून घालावी. फ्राक्टुरमधले लांब एस आणि एफ नोंद करताना अनेकदा अदलाबदल झालेले असतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींसाठी बर्लिनची पूर्वीची डॉइच डीन्स्टश्टेल, म्हणजे सैनिकांच्या नोंदींची कचेरी, १ जानेवारी २०१९ पासून बुंडेसआर्काइव्ह या जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विलीन झाली आहे, अर्ज तिथे करायचा. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव नसेल तर अर्ज पाठवू नये, आणि उत्तराला महिनोन्महिने लागतात हे गृहीत धरावं. मी स्वतः १९३९ नंतरच्या पदकांपासून लांब राहतो. एक तर नकलांचं प्रमाण अफाट आहे, आणि स्वस्तिक मिरवण्यात आनंद मानणाऱ्या गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं राहायची इच्छा नाही. ज्यांना घ्यायची आहेत त्यांनी कायदा समजून घ्यावा. जर्मन दंडसंहितेच्या ८६ अ कलमाखाली ही चिन्हं जाहीर दाखवायला बंदी आहे, संशोधन आणि शिक्षणाला सूट आहे. म्हणून तिथले विक्रेते फोटोत स्वस्तिक झाकतात. २६ जुलै १९५७ च्या कायद्याने जुन्या सैनिकांना स्वस्तिक काढलेल्या आवृत्त्या वापरायची परवानगी मिळाली. ओकच्या पानांचा १९३९ चा क्रॉस दिसला तर तो या १९५७ च्या नमुन्याचा. कुणी तो युद्धकाळातला म्हणून विकत असेल तर पैसे खिशात ठेवावेत.

मराठी वाचक हमखास विचारतात ते आझाद हिंदच्या पदकांबद्दल. सुभाषबाबू जर्मनीत असताना १९४२ मध्ये ती सुरू झाली, शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद अशा श्रेणी, तलवारींसह आणि तलवारींशिवाय, आणि ती व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूवालच्या कारखान्यात घडली. युद्धानंतरही त्याच घडणीचे नमुने बाजारात येत राहिले, त्यामुळे प्रमाणपत्राशिवाय आलेल्या सुट्या पदकाला युद्धकाळातल्या पदकाची किंमत देऊ नये.

शेवटी साठवण, आणि इथे जर्मन पुस्तकांतला सल्ला आपल्याकडे अपुरा पडतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते आणि आयर्न क्रॉसचा गाभा लोखंड आहे. लाखेखाली गंज फुगला की रंग पापुद्र्याने उठतो आणि परत बसत नाही. रबरी गॅस्केटचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा. काटा ५० टक्क्यांच्या वर सरकला की जेल ओव्हनमध्ये वाळवून परत घालायचं. डबा लाकडी, प्लायवूडचा किंवा एमडीएफचा नको, त्यातून निघणारी आम्लं जस्ताच्या पदकांना खातात; १९१६ चा युद्धमदत गुणवत्ता क्रॉस जस्ताचा आहे, त्यावर पांढरी भुकटी दिसू लागली तर डबा आधी बदलावा. पीव्हीसीची नाण्यांची पाकिटं, डांबराच्या गोळ्या आणि रबर बँड यांपैकी काहीही आत नको. रबरातल्या गंधकाने चांदीची चौकट काळी पडते. ती काळी पडली तरी ब्रासो किंवा चिंच लावू नये, बारमध्ये तर अजिबात नाही, पॉलिशचा ओघळ फितीत उतरून ती सावलीची खूण पुसतो.

कागद वेगळ्या आम्लरहित पाकिटात, आडवे, लॅमिनेशन न करता. बारच्या डब्यात एक चिठ्ठी असू द्यावी: कुणाकडून, कधी, किती युरोला घेतला, बरोबर कोणता कागद आला आणि कोणता नंतर वेगळा मिळाला. शेवटच्या दोन गोष्टी सरमिसळ झाल्या की पुढच्या मालकाला संच मूळचा की जुळवलेला हे सांगणारं कुणीच उरत नाही.